तुम्ही विचारलंत म्हणून : लांडगा धरून दाजीपूरला का सोडत नाहीत?

कोल्हापूर जिल्ह्यात कागलच्या माळावर, हातकणंगल्यात, शिरोळात, गडहिंग्लजकडं, कुठंही मेंढरं मेली की दोन दिवसांत हा प्रश्न येतो. "दाजीपूरचं एवढं जंगल पडलंय. पिंजरा लावायचा, लांडगं धरायचं आणि तिकडं नेऊन सोडायचं. बकरीपण वाचली, लांडगंपण वाचलं. एवढं साधं काम का करत नाहीत?" (आपल्याकडं मेंढरालाच बकरी म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) विचारणाऱ्याच्या मनात लांडग्याचं वाईट नसतं. मारून टाका म्हणणारे वेगळे. हा माणूस दोघांचं भलं बघतोय, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

दाजीपूर लांडग्याचं नाही. तो जिथं दिसला तो माळच त्याचा. त्याला पाठवून द्यायला दुसरी जागाच नाही.

आपला जिल्हा चमत्कारिक आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. मोटारसायकलवर सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरात दोन वेगळे मुलूख आहेत. दाजीपूर पावसाच्या मुलखातलं. संस्थानाच्या काळात ते शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि आज राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. दाट झाडी, जळवा, चार महिने धुकं. तिथं गवा, सांबर, भेकर आहे आणि त्यांच्यावर जगणारे बिबट्या आणि कोळसून, म्हणजे रानकुत्रा, आधीच आहेत. लांडगा सतरा ते पंचवीस किलोचा, लांब पायांचा, उघड्यावरचा प्राणी. लांबून बघायचं, कळपातलं कोण लंगडतंय ते हेरायचं आणि मग पळवून दमवायचं, ही त्याची रीत. झाडीत त्याला दहा पावलांपुढचं दिसत नाही. तिथं तो राहणार नाही. जमलं तर माळाच्या दिशेनं परत चालू लागेल आणि वाटेत हमरस्त्यावर गाडीखाली जाईल.

इकडं काय होतं तेही बघा. लांडगे कुटुंबानं राहतात: एक नर, एक मादी, त्यांची मागच्या वर्षीची मोठी पोरं आणि यंदाची पिल्लं. एका कुटुंबाला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. त्यातला कर्ता नर पिंजऱ्यात गेला की शिकार करणारे हात कमी होतात आणि पिल्लांची पोटं तेवढीच राहतात. मग उरलेले पळणाऱ्या सशामागं जात नाहीत, बांधलेल्या करडाकडं येतात. सगळं कुटुंबच उचललं तरी मोकळा झालेला मुलूख काही महिन्यांत दुसऱ्या तरुण जोडीच्या ताब्यात जातो. त्या जोडीला तुमची कुत्री माहीत नाहीत, तुमच्या वाटा माहीत नाहीत. जुन्नर भागात २००० नंतर बिबट्यांच्या बाबतीत हेच घडलं. पकडलेले बिबटे दुसरीकडं सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडून ठेवलाय. लांडग्यावर पुन्हा तोच प्रयोग करायचं कारण नाही.

कायद्यानंही ते होत नाही. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतला प्राणी धरायचा किंवा मारायचा तर तो माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी आहे, असं राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी कारण देऊन ठरवावं लागतं. मेंढी मारली हे त्या यादीतलं कारण नाही. गावाचा दबाव आला म्हणून स्थानिक अधिकाऱ्याला पिंजरा लावता येत नाही.

आणि "लांडगे फार झालेत" असं जे सांगितलं जातं, त्यात मोजणीची चूक असते. दीडशे चौरस किलोमीटरात आठ-दहा गावं सहज येतात. तेच पाच लांडगे सोमवारी एका गावाला दिसतात, गुरुवारी दुसऱ्या. प्रत्येक गाव आपले पाच मोजतं आणि बातमी चाळीसची होते. अख्ख्या भारतात प्रौढ लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत. वाघ २०२२ च्या गणनेनुसार ३,६८२ होते. लांडगा वाघापेक्षाही कमी आहे, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं असंही दाखवलं की भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या लांडग्यांमधल्या सर्वांत जुन्या वंशांपैकी आहे. तो या कोरड्या माळावरच टिकला.

हा माळ पूर्वी रिकामा नव्हता. कोल्हापूर दरबार चित्त्यांच्या शिकारीसाठी नावाजलेला होता. राजर्षी शाहूंच्या पदरी चित्तेवान होते आणि इथले चित्ते कमी पडू लागले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. ते चित्ते सोडायचे काळविटावर. म्हणजे याच मुलखात काळविटांचे कळप होते. ते गेले, चित्ता गेला आणि १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. लांडगा तेवढा राहिला, कारण त्याला ससा, घूस, उंदीर, मेलेलं ढोर, काहीही चालतं. त्याचं खरं भक्ष्य मात्र आपण संपवलं आणि त्या जागी मेंढरू उभं केलं. लांडग्यानं मेंढी "चोरली" असं म्हणण्याआधी एवढं आठवावं.

मारण्याचा इतिहासही जुना आहे. इंग्रज सरकार हिंस्र जनावरांच्या मुंडक्यामागं बक्षीस देत असे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेल्याचा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. वाघाला निदान वाघोबा म्हणून शेंदूर लागला, वाघबारशीला त्याची पूजा झाली. लांडग्याच्या वाट्याला भाषेनं "लांडगेतोड" दिली, "लांडगा आला रे आला" दिलं. चार जणांनी मिळून एकाचे लचके तोडले की आपण लांडग्याचं नाव घेतो. प्रत्यक्षात मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळतात, शिकारीवरून परतलेला लांडगा पोटातलं ओकून पिल्लांना भरवतो. इतकं घट्ट कुटुंब माळावरच्या दुसऱ्या कुठल्या जनावराचं नसेल.

धनगर मेंढक्यांची नजर वेगळी आहे. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर "त्याचा वाटा त्यानं नेला" असं म्हणणारे जुने मेंढके अजून आहेत. शहरातल्या निसर्गप्रेमींना हे वाक्य फार आवडतं. पण त्या वाक्याच्या आड लपू नये. वाटा एका कोकराचा असतो. एका रात्रीत वीस बकरी गेली तर तो वाटा नव्हे, त्या कुटुंबाचं वर्ष गेलं. लांडगा वाचवायचा असेल तर मेंढक्याचं एकही बकरू फुकट जाता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.  

तर पहिलं काम: मारलं कुणी ते ओळखणं. "लांडग्याचा हल्ला" म्हणून ज्या बातम्या येतात त्यांतले बरेच हल्ले मोकाट कुत्र्यांचे असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कुत्र्यानं मारलेल्या जनावराला वन विभागाची भरपाई मिळत नाही आणि उपायही वेगळे असतात. कुत्री मागच्या मांड्या, शेपूट, कान, कुशी जिथं तोंड लागेल तिथं फाडतात. दहा-पंधरा जखमी, काही अर्धमेली आणि खाल्लेलं जवळजवळ काही नाही, असं चित्र दिसलं तर बहुधा कुत्री. लांडगा नरड्याला धरतो. मोठ्या मेंढीला आधी मागून ओढून पाडतो, मग नरडं. पोट फाडून आतलं आणि मांडी खातो, कोकरू असेल तर उचलून नेतो. बिबट्या मानेवर किंवा गळ्यावर दोन वर दोन खाली असे सुळे खोल रुतवतो, धड ओढत उसात किंवा झाडीत नेतो आणि ओढल्याची पट्टी मातीत दिसते. तरस हाडं फोडून ठेवतो.

मेलेलं बकरू नुसतं वरून बघू नका. पशुवैद्यकाला चाव्याच्या जागची कातडी सोलायला सांगा. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळून काळंनिळं दिसतं. तसं नसेल तर बकरू आधीच आंत्रविषारानं (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगानं) किंवा विषारी चाऱ्यानं मेलेलं होतं आणि नंतर कुणीतरी खाल्लं. सुळ्यांमधलं अंतर मोजून एकट्या त्यावर निकाल देऊ नये, मोठ्या गावठी कुत्र्याचं अंतरही तेवढंच भरतं. ठशांत मात्र बरंच कळतं. लांडग्याच्या पुढच्या पायाचा ठसा साधारण आठ-नऊ सेंटिमीटर लांब, मधली दोन बोटं पुढं गेलेली, नखं उमटलेली. चाल सरळ रेषेत असते. कुत्र्याचा माग इकडंतिकडं भरकटतो. बिबट्याचा ठसा गोल आणि नखांशिवाय. शंका राहिलीच तर जखमेच्या कडेवरची लाळ कापसाच्या काडीवर घेऊन, सावलीत सुकवून, कागदी पाकिटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून नमुना कुजतो. हे काम पहिल्या काही तासांत, पावसाआधी व्हावं लागतं.

आता वाघर. मेंढक्याच्या तळावरची ही जाळी पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण तिचं काम मुळात बकरी एका जागी ठेवण्याचं. म्हणून ती कमरेएवढी असते. लोकांना वाटतं लांडगा वाघर ओलांडून आत येतो म्हणून नुकसान होतं. बहुतेक वेळा उलटं होतं. लांडगा बाहेरून फेरी मारतो, वास येतो, बकरी बिचकतात, सगळी एका कोपऱ्यात दाटतात, खुंट उपटतो आणि कळप अंधारात उधळतो. मारलं जातं ते वाघरीच्या बाहेर. म्हणून वाघर मजबूत करायची ती लांडगा आत येऊ नये यापेक्षा बकरी बाहेर पडू नयेत यासाठी.

हिशेब साधा आहे. एका दख्खनी मेंढीला बसायला साधारण एक चौरस मीटर जागा धरायची. शंभर बकऱ्यांना दहा बाय दहा मीटरचा चौक, म्हणजे चाळीस मीटर जाळी आणि टोकं एकमेकांवर चढवायला चार-पाच मीटर जास्तीची. उंची पाच फूट. दर दोन मीटरवर खुंट, म्हणजे वीस-बावीस खुंट, आणि चारी कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूनं ताणाची दोरी. कोपरे नीट ताणले नाहीत तर बाकीच्या खुंटांना अर्थ नाही, कारण कळप दाटतो तो कोपऱ्यातच. जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या अंगाला जमिनीवर पसरून त्यावर दगड ठेवायचे. लांडगा जाळीच्या बुडाशी उकरतो, पसरलेल्या जाळीवर उभं राहून उकरायचं त्याला सुचत नाही. जमत असेल तर दीड मीटर अंतरावर दुसरी वाघर बाहेरून लावावी. तेरा बाय तेराला बावन्न मीटर लागते. मधल्या पट्ट्यामुळं लांडगा आणि बकरी एकमेकांच्या तोंडाशी येत नाहीत आणि बिचकणं निम्म्यावर येतं. दुहेरी वाघर रोज हलवायला जड जाते हे खरं आहे. सगळ्या हंगामात नाही जमली तरी कोकरं लहान असताना लावावी. कोकरांना चौकाच्या मध्यभागी वेगळी झाकलेली जाळी हवी, कडेला नको.

जागाही बघून निवडायची. ऊस, मका, ओढ्याची झाडी, कोसळलेला बांध यांच्यापासून तीस-चाळीस मीटर मोकळं रान सोडून तळ टाकावा. शेतमालक खतासाठी बकरी बसवून घेतो तेव्हा त्याला नेमकी उसाच्या कडेची पट्टी खतवायची असते. तिथं मेंढक्यानं नाही म्हणायला शिकलं पाहिजे आणि मालकानं ऐकायला.

कुत्र्यांबद्दल एक गैरसमज आहे. मुधोळ, कारवानी ही पळणारी कुत्री. लांडगा दिसला की ती मागं लागतात. एक लांडगा कुत्र्याला लांब घेऊन जातो आणि दुसरा मागच्या बाजूनं येऊन कोकरू नेतो. राखणीला हवं ते जाडजूड गावठी कुत्रं, दोन महिन्यांचं असल्यापासून बकऱ्यांतच वाढलेलं, जे कळप सोडून जात नाही. शे-दीडशे बकऱ्यांना तीन-चार पुरतात. त्यांना चुलीपाशी भाकरी टाकली की ती रात्री चुलीपाशीच झोपतात. म्हणून जेवण वाघरीच्या चार बाजूंना विभागून द्यायचं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालावा, कारण बिबट्या काय आणि लांडगा काय, दोघंही नरड्यालाच जातात. आणि प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस: तिसऱ्या महिन्यात पहिली, महिन्यानं दुसरी, मग दरवर्षी. डिस्टेंपरची लसही द्यावी. तो रोग कुत्र्यांकडून लांडग्यांत जातो आणि पिल्लंच्या पिल्लं मरतात. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. मोकाट कुत्री वाढली की लांडग्याचं रक्तही पातळ होतं. गावाबाहेर मेलेल्या कोंबड्या आणि खाटीकखान्याचा टाकाऊ माल ओतणं बंद झालं तर यातलं निम्मं आपोआप थांबेल. खोल खड्डा, चुना, वर माती, एवढंच लागतं.

पूर्व युरोपात आणि रशियात दोरीला लाल चिंध्या बांधायची जुनी युक्ती आहे. लांडगा ती रेषा ओलांडायला बिचकतो. चिंधी हातभर लांब, चार बोटं रुंद, दोन चिंध्यांत हातभर अंतर आणि टोक जमिनीला टेकायला आलेलं हवं. अंतर जास्त ठेवलं की तो मधून जातो. वाऱ्यानं चिंधी दोरीला गुंडाळली गेली की तेवढी जागा उघडी पडते, म्हणून संध्याकाळी एक फेरी मारून सोडवाव्या लागतात. ही भीती काही आठवडेच टिकते. वर्षभर लावून ठेवणारा माणूस लांडग्याला शिकवतो की यात काही नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यांचंही तसंच. जागा दोन-तीन दिवसांनी बदलायची.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीकडं प्रश्न लांडग्याचा नसून बिबट्याचा आहे आणि तिथं वरचं काही चालणार नाही. बिबट्याला पाच फूट म्हणजे काहीच नाही. गोठ्याला वरून झाकलेली वेल्डमेशची, म्हणजे लोखंडी तारेची, जाळी आणि आतून कडी लागणारं दार, एवढा एकच उपाय आहे.

आता भरपाई. लांडग्यानं मारलेल्या मेंढीची भरपाई हा उपकार नाही, २०२३ च्या राज्याच्या कायद्यानं दिलेला हक्क आहे आणि त्या कायद्याच्या यादीत लांडग्याचं नाव आहे. मेंढी-शेळीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. घटनेपासून ४८ तासांच्या आत वनरक्षकाला, वनपालाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. धड जागेवरून हलवायचं नाही. इथंच बहुतेकांची चूक होते: वास येईल म्हणून ओढ्यात टाकतात, किंवा अर्धं खाल्लेलं विकून मोकळे होतात. ताडपत्री टाकून कडेनं काटेरी फांद्या ठेवाव्यात. फोटो पाच: लांबून जागेचा, जवळून धडाचा, जखमेचा, शेजारी काडेपेटी ठेवून ठशाचा आणि कानातल्या बिल्ल्याचा. मग पंचनामा, पशुधन विकास अधिकाऱ्याचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक.

कागदावर हे सोपं दिसतं. फिरस्त्या मेंढक्याला ते का जमत नाही, हे समजून घ्यायला हवं. त्याचं खातं दुसऱ्या तालुक्यात, तळ तिसऱ्या, आणि उद्या पुढच्या शेतात बसायचा शब्द दिलेला. पंचनाम्यासाठी एक दिवस थांबलं तर तो शब्द मोडतो. शिवाय चराई कुठं चालली होती असं विचारतील, ही भीती. त्यामुळं कित्येक हल्ले नोंदलेच जात नाहीत आणि राग मात्र साठत राहतो. बकरी पुढं जाऊ द्यावीत, एका माणसानं धडाशी थांबावं. ज्या गावात तळ पडलाय तिथल्या पोलीस पाटलानं किंवा सरपंचानं तो एक दिवस मेंढक्याच्या बाजूनं उभं राहावं. गावाच्या रानाला खत मिळतंय, तेवढं देणं गावाला लागतं.

साठलेला राग विषापर्यंत जातो. मेलेल्या बकरीवर कीटकनाशक ओतून ठेवलं की पहिली मरतात ती मेंढक्याचीच कुत्री, मग घारी, कोल्हे, खोकड, तरस. लांडगा सावध असतो, कदाचित तोंडही लावत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्याची शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड आहे.

"माणसावर येतो का?" हे शेवटी हळूच विचारलं जातं. लांडग्यानं मुलं नेल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात, २०२४ साली बहराइचमध्ये. ते नाकारून कुणाचा विश्वास मिळत नाही. आपल्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढक्यांची पोरं उघड्यावर झोपत आली आहेत आणि निरोगी लांडगा माणूस बघून लांब होतो. खरी भीती पिसाळलेल्या लांडग्याची. तो एकटा असतो, भरदिवसा वस्तीत शिरतो, समोर येईल त्याला चावत सुटतो आणि खात काही नाही. असा चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. चटणी, हळद, चुना काही भरायचं नाही, टाके घालून घ्यायचे नाहीत. लगेच कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. कातडी फाटून रक्त आलं असेल तर, चावा कुठंही असो, जखमेत रेबीजविरोधी सिरम भरावं लागतं. नुसत्या लशीवर परत पाठवत असतील तर सिरमचं विचारा. दंडातल्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. तिसऱ्या सुईनंतर बरं वाटतं म्हणून पुढच्या चुकवणारे असतात, तसं करू नका. चावलेल्या बकऱ्यांनाही पशुवैद्यक लस देतात.

राहिली पिल्लं आणि माळ. लांडगीण साधारण डिसेंबर-जानेवारीत विते. जागा बांधाच्या पोटात, ओघळीच्या काठाला, साळिंदराचं किंवा खोकडाचं जुनं बीळ रुंद केलेलं. पिल्लं गडद चॉकलेटी रंगाची असतात, कोल्ह्याची किंवा कुत्र्याची वाटतात. नांगरताना किंवा जेसीबी लावल्यावर सापडली तर लोक घरी नेतात, दूध पाजतात, फोटो काढतात. ती बहुधा मरतात. काम थांबवून, माणसं दोन-तीनशे मीटर मागं घेऊन, एक रात्र सोडली की आई त्यांना तोंडात धरून दुसरीकडं हलवते. हात लागला म्हणून आई सोडून देते, ही समजूत खोटी आहे.

पण हलवायची कुठं? सरकारी नोंदीत आपला माळ "पडीक" आहे. म्हणून पंचतारांकित औद्योगिक वसाहत तिथं, सौर प्रकल्प तिथं, अतिक्रमण तिथं. आणि जे उरतं तिथं झाडं लावली पाहिजेत म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प. माळावर सलग समतल चर खणले की पवन्या, मारवेल, कुसळ ही गवतं उखडतात, बिळं फुटतात आणि मेंढरांची चराईही जाते. लांडगा आणि मेंढका एकाच दिवशी बेघर होतात. गायरानावर झाड लावणं पुण्याचं वाटतं, मलाही झाडं प्रिय आहेत, पण गवताच्या जागी गवतच हवं.

ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला तर तीन ओळींचा ठराव पुरतो. गवताचं बी पडेपर्यंत, म्हणजे कार्तिक सरेपर्यंत, कापणी आणि चराई नाही. वणवा नाही. बीळ असलेल्या ओघळीभोवती दोनशे मीटरात डिसेंबर ते मार्च जेसीबी आणि चर नाही. शिमगा होईतो पिल्लं पायावर उभी राहतात आणि बीळ सोडून जातात. त्यानंतर ती जागा पुन्हा बकऱ्यांना मोकळी.